ठशातली माया



ज्या चित्रांना कुणी कलाकृती म्हणत नाही, अशा चित्रांविषयी मी आज बोलणार आहे. छापून निघालेली, बाजारात किंवा यात्रेत विकत घेतलेली, घरी आणून खिळ्याला टांगलेली चित्रे. आपल्याकडे त्यांना ‘देवाचे फोटो’ म्हणतात, जुनी माणसे तसबिरी म्हणतात. माझा प्रश्न एवढाच आहे, की घरातली माया, म्हणजे आईची लेकरावरची, नवराबायकोची एकमेकांवरची, भावाची बहिणीवरची माया, या छापील चित्रांत केव्हा आली, कुणाची आली आणि कुणाची आली नाही.

हा शोध अठराव्या शतकापासून सुरू करायला हवा. त्या शतकात इथून, म्हणजे कऱ्हाटीहून, जवळच, बारामतीत, बाबूजी नाइकांच्या आश्रयाला मोरोपंत आर्या रचत होते. त्यांचा जन्म 1729 चा आणि मृत्यू 1794 चा. नेमक्या त्याच पिढीत युरोपात दोन चित्रकार होऊन गेले. पॅरिसचा ग्रझ, जन्म 1725. बर्लिनचा खोडोव्हिएत्स्की, जन्म 1726. तिघांना एकमेकांचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. पण इकडे पंत ‘केकावली’त लेकराने मायबापाला हाक मारावी तशी देवाला हाक मारत होते, आणि तिकडे हे दोघे मायबाप आणि लेकरे हाच चित्राचा विषय करत होते.

डॅनिएल खोडोव्हिएत्स्की मूळचा डान्झिगचा. वयाच्या सतराव्या वर्षी, 1743 मध्ये, पोटापाण्यासाठी घर सोडून तो बर्लिनला आला. तिथे लग्न झाले, मुले झाली, कामाचा व्याप वाढला. आई डान्झिगलाच राहिली. वर्षे गेली. आजीने नातवंडे पाहिली नव्हती. 1771 मध्ये त्याने तांब्याच्या पत्र्यावर एक चित्र कोरले, छापले आणि आईला अर्पण केले. चित्रात त्याचेच घर आहे. टेबलाभोवती पाच मुले. कुणी चित्रे पाहते आहे, कुणी कागदावर काही रेखाटते आहे. त्यांच्यामागे त्यांची आई. भिंती चौकटींनी गच्च भरलेल्या. बाजूला खिडकीच्या उजेडात बाप कामाला बसलेला, हातात कुंचला, पण नजर चष्म्यावरून वर उचलून मुलांकडे. कुणी कुणाला मिठी मारलेली नाही, कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही. बापाची ती वर उचललेली नजर तेवढी आहे. चित्रातली सगळी माया त्या नजरेत आहे, आणि ती कोरायला चार-दोन रेघा पुरल्या आहेत.

दोन वर्षांनी, 1773 मध्ये, तो घोड्यावर बसून आईला भेटायला निघाला. घर सोडल्याला तीस वर्षे झाली होती. वाटेत आणि डान्झिगला पोहोचल्यावर त्याने शंभरावर चित्रे काढली. ती चित्रे आजही आहेत. पण त्या प्रवासापेक्षा मला आधीचे छापील चित्र मोठे वाटते. माणसाला जाता आले नाही तेव्हा त्याने घर कागदावर उतरवून पाठवले. आपल्यापैकी ज्यांची मुले पुण्यामुंबईला किंवा त्याहून लांब आहेत, त्यांना हे मी समजावून सांगायला नको.

आता यात एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. आईला पाठवायचे तर एक हातचे चित्र पुरले असते. त्याने पत्रा कोरला. कोरलेल्या पत्र्यावर शाई भरायची, वरची शाई पुसून घ्यायची म्हणजे ती फक्त रेघांच्या खाचांत उरते, मग ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून दाबून काढायचा. असे शेकडो कागद निघतात. म्हणजे खोडोव्हिएत्स्कीचे घर आजीने पाहिले तसे शेकडो अनोळखी लोकांनीही पाहिले, विकत घेतले, आपल्या भिंतीवर लावले. दुसऱ्याच्या घरातली आई आणि मुले आपल्या भिंतीवर लावावीत असे माणसाला वाटू लागणे, ही तेव्हा बरीच नवी गोष्ट होती. त्याआधी छापील चित्र म्हटले की संत, राजे, लढाया, शहरे. सामान्य घर हा क्वचित दिसणारा विषय. अठराव्या शतकात वाचणारा, चार पैसे बाळगणारा मध्यम वर्ग वाढला आणि त्याला आपले जगणे चित्रात पाहायचे होते. 1762 मध्ये रूसोचे ‘एमिल’ निघाले आणि आईने मुलाला स्वतः अंगावर पाजावे, बापाने मुलाच्या वाढीकडे लक्ष द्यावे, ही घराघरातली चर्चा झाली. 1774 मध्ये बासेडो नावाच्या शिक्षकाने मुलांना जग समजावून देणारा एक मोठा चित्रग्रंथ काढला. त्याची चित्रे पुष्कळशी खोडोव्हिएत्स्कीचीच. त्याने आयुष्यभरात दोन हजारांवर छापचित्रे केली, आणि त्यांत घर पुन्हा पुन्हा येते.

फ्रान्समध्ये शार्दाँ नावाचा याहून मोठा चित्रकार होता. त्याचे एक चित्र 1740 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आले. आई टेबलावर जेवण मांडते आहे, दोन लहान मुले बसली आहेत, धाकटे हात जोडून जेवणाआधीची प्रार्थना म्हणते आहे. खुर्चीला मुलाचा खेळण्यातला ढोल अडकवलेला. मूळ चित्र राजाकडे गेले. पण 1744 मध्ये लेपिसिए या कोरक्याने त्याची छापप्रत काढली आणि राजाकडचे चित्र दुकानात आले. खाली लेपिसिएने काही ओळी घातल्या: धाकटा प्रार्थना म्हणताना अडखळतो आणि मोठी बहीण हळूच हसते. वदनी कवळ म्हणताना चुकणाऱ्या भावाकडे बघून हसणाऱ्या बहिणी या सभागृहात असतील.

ग्रझची गोष्ट वेगळी. त्याचे 1761 चे गाजलेले चित्र म्हणजे खेड्यातले लग्न ठरणे. दिदेरोसारख्या विचारवंताने ते डोक्यावर घेतले. फ्लिपार्ने 1770 मध्ये त्याची छापप्रत काढली. म्हातारा बाप बसला आहे, जावई समोर उभा आहे, मुलगी मान खाली घालून मध्ये, आईने तिचा दंड धरला आहे, धाकटी बहीण खांद्यावर डोके ठेवून रडते आहे. पायाशी कोंबडी आणि पिल्ले. सगळे कसे हळवे. पण जावयाच्या हातात काय आहे ते पाहा. पैशांची थैली. बापाने नुकताच दिलेला हुंडा. आणि कडेला नोटरी बसून कागद लिहितो आहे. चित्र पाहून डोळे पुसणाऱ्या लोकांना त्या थैलीत काही खटकले असे दिसत नाही. मला खटकते. मायेच्या चित्रात पैसा आणि कागद असा बिनबोभाट बसलेला असतो, आणि चित्र जितके गोड तितका तो कमी दिसतो. म्हणून कुठलेही घरगुती चित्र पाहताना मी आधी हात पाहतो. कुणाच्या हातात काय आहे.

आता आपल्या मुलखात येऊ.

त्याच शतकाच्या शेवटी पुण्यात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापण्याची कला येऊ घातली होती. इंग्रजांचा वकील चार्ल्स मॅलेट 1786 पासून पुण्यात होता. त्याच्या प्रोत्साहनाने नाना फडणविसांच्या वेळी एका तांबटाने तांब्यावर नागरी अक्षरे कोरायला घेतली. ग्रंथ भगवद्गीता. नानांच्या पडत्या काळात ते काम पुण्यात पुरे झाले नाही. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला आणि 1805 मध्ये मिरजेत गीता छापून झाली. पुण्याचा तांबट म्हणजे हंडे, घागरी, परात घडवणारा माणूस. त्याच्या हाताला पत्र्याची जाण उपजत होती. बर्लिनमध्ये जो पत्रा, तोच इथे. जी कोरणी तिथे, तीच इथे. तिकडे त्यावर मुलाबाळांचे घर उमटले, इकडे गीतेचे श्लोक. मी याला मागासलेपण म्हणत नाही. आपल्या समाजाने छापण्यासारखे आधी काय निवडले, तेवढेच यातून कळते.

पुण्यात तेव्हा जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकारही होता. सवाई माधवराव आणि नाना यांचे त्याने केलेले चित्र प्रसिद्ध आहे. मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या परवानगीने शनिवारवाड्यात चित्रकलेची शाळाही निघाली. तिथला गुणी विद्यार्थी गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळची, कार्ल्याची लेणी त्याने रेखाटली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा रेखाटला. त्याची चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तांबटाच्या घरातला हा मुलगा हातात पेन्सिल घेऊन पुण्याच्या कुठल्याही माजघरात बसला असता तर आज आपल्याकडे पेशवाईतल्या घराचे चित्र असते. पण त्याला ते काम कुणी सांगितले नाही.

आणि घर तर तिथेच होते. मॅलेटचे. मुळामुठेच्या संगमावरच्या त्या बंगल्यात अंबर कौर नावाची त्याची सोबतीण राहत होती, त्यांना मुले होती. वेल्सने तिचे चित्र काढले. पण ते रंगवलेले चित्र, एकाच मालकाकडे राहणारे. पुढे मॅलेट विलायतेला परत गेला आणि 1799 मध्ये त्याने वेल्सचीच मुलगी सुसाना हिच्याशी लग्न केले. 1790 मध्ये पेशव्यांच्या दरबारात झालेल्या तहाचे भव्य चित्र वेल्स करणार होता. 1795 मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनिएलने ते 1805 मध्ये पुरे केले, आणि 1807 मध्ये त्याची छापप्रत निघाली. पुण्यातल्या त्या दहा-बारा वर्षांतून छापून जगभर गेला तो दरबार. पगड्या, शेले, गालिचे, तहाचा कागद. अंबर कौर आणि तिची मुले छापली गेली नाहीत. ग्रझच्या चित्रात निदान मुलगी मध्ये उभी आहे.

मग त्या काळात आपल्याकडे घराची प्रतिमा, एका ठशातून पुन्हा पुन्हा काढता येईल अशी, कुठे नव्हतीच का? होती. आणि ती अजूनही इथे बसलेल्या बहुतेकांच्या देव्हाऱ्यात आहे. टाक.

टाक कसा होतो हे नव्या मुलांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सोनाराकडे पितळेचा किंवा काशाचा ठसा असतो, त्यात देवाची आकृती कोरलेली. चांदीचा पातळ पत्रा तापवून मऊ करायचा, ठशावर ठेवायचा, वर शिशाचा तुकडा ठेवून हातोडीने ठोकायचे. शिसे मऊ, ते पत्र्याला ठशाच्या खाचाखोचांत दाबते. पत्रा उचलला की आकृती उठून आलेली. मग कडा कापायच्या, मागे तांब्याचा पत्रा द्यायचा. एका ठशातून हवे तेवढे टाक निघतात. कागद आणि शाई नाही एवढेच. बाकी ठसा आहे, दाब आहे, प्रती आहेत. तळहाताहून लहान अशा त्या पत्र्यावर आपल्या भागात बहुधा कोण असतो? घोड्यावर खंडोबा आणि त्याच्या पुढ्यात म्हाळसा. खाली कुत्रा. देव एकटा नाही, बायकोला घेऊन निघाला आहे. दैत्यांशी लढाई चालू असतानाही ती घोड्यावर आहे.

आणि देवांशेजारी घरातली माणसे. वीर झालेला पूर्वज, मुंजा राहिलेला मुलगा, सवाष्ण गेलेली बाई. घरात कुणी अकाली गेले, त्याची आठवण नीट ठेवावीशी वाटली, की त्याचा टाक करून देवांच्या ओळीत बसवायचा. दसऱ्याला, लग्नकार्याच्या आधी टाक उजळायचे, जेजुरीला देवभेटीला न्यायचे. भाऊ वेगळे झाले की धाकट्याने आपल्या देव्हाऱ्यासाठी नवे टाक करून घ्यायचे. त्याच आकृत्या, नवा पत्रा. जमीन वाटली, घर वाटले, पण गेलेली चुलती दोन्ही देव्हाऱ्यांत. वाटणीच्या कागदात न मावणारी गोष्ट चांदीच्या पत्र्याने सांभाळली. डान्झिगच्या आजीकडे गेलेल्या कागदाइतकाच मला तो पत्रा मोलाचा वाटतो. फरक असा, की खोडोव्हिएत्स्कीचे घर अनोळखी माणसाला दाखवण्यासाठी होते. टाकातले घर फक्त घरच्यांसाठी. ते भिंतीवर लागत नाही, पाहुण्याला दाखवत नाहीत. सकाळी पाणी घालताना बाईच्या हाताला लागते तेवढेच.

खंडोबाच्या संसारावर थोडे थांबतो, कारण ज्या देवाच्या पालखीला सोमवती अमावास्येला आपल्याच कऱ्हा नदीत अंघोळ घडते, त्याच्याविषयी कऱ्हाटीत बोलायला संकोच नको. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव धनगराकडे चाकरीला राहिला. घरी आणल्यावर दोघींची भांडणे, आणि शेवटी गडाची वाटणी: म्हाळसा वर देवाजवळ, बाणाईचे ठाणे अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांलगत. वाघ्यामुरळी ही भांडणे जागरणात रात्रभर गातात आणि बाया हसता हसता डोळे पुसतात, कारण त्यांत सवतीचे दुःख खरे असते. पण ठशात काय आले? म्हाळसा घोड्यावर आली. बाणाई बहुतेक टाकांत नाही. छापील तसबिरींतही ती आलीच तर कडेला, मेंढरांबरोबर. भांडण, रुसवा, वाटणी, म्हणजे संसाराचा निम्मा भाग, गाण्यात राहिला.

एकोणिसाव्या शतकात दगडी छापा आला. बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने काढायचे, दगड ओला करायचा, तेल पाणी धरत नाही आणि पाणी शाई धरत नाही, एवढ्या साध्या गोष्टीवर तो चालतो. कोरायची मेहनत गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 मध्ये दगडी छाप्यावर मराठी पंचांग काढले. पुढे एकेका रंगाला एकेक दगड घेऊन रंगीत चित्रे निघू लागली, आणि 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांबरोबर पुण्यात चित्रशाळा काढली. पुढे वासुकाका जोशींनी ती वाढवली. चित्रशाळेचे गाजलेले चित्र कोणते, तर रामपंचायतन. मधोमध राम आणि सीता, भोवती तीन भाऊ, पायाशी मारुती. मी या चित्राला मराठी घरातला पहिला कुटुंबाचा फोटो म्हणतो. कॅमेरा खेड्यात यायच्या कितीतरी आधी, एकत्र कुटुंबाने कसे उभे राहावे, कुणी बसावे, कुणी चवरी धरावी, हे त्या चित्राने शिकवले. पुढे स्टुडिओत काढलेले जुने फोटो पाहा. खुर्चीवर आजोबा-आजी, मागे भाऊ उभे. तीच मांडणी. फक्त एक आहे, की पंचायतनातल्या भावांच्या बायका चित्रात नाहीत. ऊर्मिला कुठे आहे, असे विचारणारी बाई घरात असणारच.

1894 मध्ये राजा रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला. जर्मन यंत्रे, जर्मन कारागीर. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला आणि 1972 मध्ये आगीत त्याची राखरांगोळी झाली. तैलचित्रासारखी चमक असलेल्या त्याच्या ओलिओग्राफ चित्रांनी लक्ष्मी, सरस्वती घराघरात नेल्या. त्या छापखान्याचे पहिले चित्र कोणते होते हे मात्र फार थोड्यांना माहीत असते. शकुंतलेचा जन्म. मेनका तान्ह्या मुलीला घेऊन विश्वामित्रासमोर उभी आहे आणि विश्वामित्र हात आडवा करून तोंड फिरवतो आहे.

विचार करा. या छापखान्यातून रंगीत छापील चित्रांचा जो महापूर आला, त्याचे पहिले पान म्हणजे नाकारलेली मुलगी. आधी हात पाहतो असे मी मघाशी म्हटले ते यासाठी. बर्लिनच्या चित्रात बापाची नजर मुलांकडे उचललेली, इथे बापाचा हात मुलीला दूर सारणारा. रविवर्म्याला बापाची माया दिसत नव्हती असे नाही. 1893 मध्ये त्याने स्वतःच्या मुलीचे चित्र काढले: कडेवर बाळ घेतलेली आई बाळाला, बघ, बाबा आले, म्हणून बाहेर दाखवते आहे. बाप चौकटीबाहेर आहे, पण सगळ्या चित्राचे तोंड त्याच्याकडे. हे चित्र शिकागोच्या प्रदर्शनाला गेले. आपल्या माजघरापर्यंत आले ते मात्र दुसरेच बाळ: यशोदेजवळचा कृष्ण.

यशोदेची ती छापील चित्रे मला अतिशय प्रिय आहेत, हे स्पष्ट सांगतो. गायीची धार काढणारी यशोदा, पाठीशी लडिवाळपणा करणारा कान्हा, कुठे लोण्याचे मडके. जी बाई दिवसभर राबते, जिला सासूसमोर स्वतःचे मूल मांडीवर घ्यायचीही चोरी होती, तिच्या घरात देवाच्या नावाने एक आई बिनधास्त मुलाचे लाड करत भिंतीवर बसली. त्या काळच्या सुनेला ते चित्र काय वाटले असेल याचा पुरावाही आहे. अशा छापांवर बायकांनी आपल्या हाताने जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे शिवून देवीला खरे लुगडे नेसवलेली चित्रे संग्रहांत जपलेली आहेत. काचेआड जाण्यापूर्वी चित्र काही दिवस तिच्या मांडीवर होते. छापखान्याने हजारांना दिलेले एकच चित्र तिने सुई-दोऱ्याने आपल्या एकटीचे केले. मला कधी कुणी विचारले, की मराठी स्त्रीने छापील चित्राला काय दिले, तर मी ही टिकली दाखवीन.

इथे दादासाहेब फाळक्यांचे नाव घ्यायलाच हवे. चित्रपटाकडे वळण्याआधी ते रविवर्म्याच्या त्या छापखान्यात काम करत होते. 1919 मध्ये त्यांनी ‘कालिया मर्दन’ काढला, त्यात बाळकृष्ण झाली त्यांचीच लहान मुलगी, मंदाकिनी. छापील चित्रातला लाडका मुलगा पडद्यावर हालूचालू लागला तेव्हा आत एक मुलगी होती.

आणि भिंतीवर? इंदापूर, बारामतीकडच्या घरांत मी जितके म्हणून जुने फोटो पाहिले, त्यांत लहान मूल म्हटले की बाळकृष्ण, बाळगणेश, आणि नंतरच्या दिनदर्शिकांवरचे गुबगुबीत बाळ, तेही मुलगाच. नव्या सुनेच्या खोलीत असे बाळ लावायची पद्धत आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्यात तिच्यावरची माया आहे, आणि तिच्याकडून केलेली मागणीही आहे. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. हा आकडा तसबिरींनी घडवला असे मी म्हणणार नाही. पण ज्या भिंतीवर शंभर वर्षे मुलगी नव्हती, त्या भिंतीखाली हा आकडा तयार झाला.

मुलगी आपल्याकडे होती, ती जात्यावर. गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर यांनी आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या गावोगावच्या बायांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त. पुणे जिल्ह्यातली कितीतरी गावे त्यांत आहेत. त्या ओव्या उघडून पाहा. लेकीचे जन्मणे, तिचे रूप, तिची वेणी, तिला सासरी धाडतानाचा जीव, वाटेला लागलेले डोळे, भाऊबीजेला येणाऱ्या भावाची बैलगाडी, बापाच्या घराचा उंबरा. आई लेकीवर बोलते, लेक आईवर बोलते. बर्लिन-पॅरिसच्या छापील चित्रांत घरातल्या नात्यांचे जेवढे रंग आहेत त्याहून जास्त या ओव्यांत आहेत, असे माझे ठाम मत आहे. त्यांना ना तांब्याचा पत्रा मिळाला, ना दगड, ना कागद. पहाटे पिठाबरोबर त्या निघाल्या आणि गिरणी आली तेव्हा थांबल्या. आज त्या ऐकायला आणि वाचायला मिळतात ते कुणीतरी वेळेत टेपरेकॉर्डर घेऊन बसले म्हणून.

पुरुषांची, देवांची, दरबारांची माया ठशात आली. बायकांची बरीचशी आवाजात राहिली. ठसा टिकतो, आवाजाला कुणीतरी टिपावे लागते. हे उमगल्यापासून मला जुन्या चौकटी वेगळ्या दिसू लागल्या आहेत, कारण तिथे ठसा आणि आवाज एकत्र सापडण्याची एक शेवटची जागा उरली आहे. चौकटीत छापील चित्र आहे, आणि ते कुणी आणले याची गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या बाईला पाठ आहे. तुकोबांची पालखी आपल्या याच भागातून, बारामती, इंदापूर करत पंढरपूरला जाते. कुणाच्या आजेसासूने पंढरीहून परतताना डोक्यावर गाठोड्यात काच न फुटू देता विठ्ठल-रखुमाई आणलेली असते. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी 1885 नंतर आले, ऊस आला, हातात पैसा आला, तेव्हा कुणी बायकोसाठी पुण्याहून यशोदा आणली असेल. ही गोष्ट चित्राच्या पाठीवर लिहिलेली नसते. ती सांगणारी गेली की चित्राला फक्त छापखाना उरतो.

आणि चित्रेही चालली आहेत. घर बांधायला काढले की जुने फोटो पिंपळाखाली ठेवतात किंवा नदीत सोडतात. भंगलेला देव घरात नको, ही भावना मी समजू शकतो, तिचा मान ठेवतो. माझी विनंती त्याआधीची आहे.

येत्या दसऱ्याला घर सारवायला, रंगवायला काढाल तेव्हा भिंतीवरची जुनी चौकट उतरवली की आधी मोबाइलवर तिचा पुढून आणि मागून फोटो घ्या. चित्राच्या खाली बारीक अक्षरांत छापखान्याचे नाव असते, तेही स्पष्ट येऊ द्या. मग घरात जी सर्वांत वयस्क बाई असेल तिच्याजवळ बसा आणि विचारा, की हे कुणी आणले, कुठून, कोणत्या वर्षी, कुणासाठी. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत रेकॉर्ड करा. ओवी आठवत असेल तर म्हणायला सांगा. लाजेल, पण म्हणेल. हे सगळे गावच्या वाचनालयात किंवा शाळेत एका ठिकाणी जमा करा, आणि चौकटीच्या मागे पेन्सिलने त्या आणणाऱ्या बाईचे नाव लिहा. पूर्ण नाव लिहा. अमक्याची आई, तमक्याची बायको एवढ्यावर भागवू नका.